उसनीं हत्यारें आणि मेंदूचीं चित्रें

शास्त्रांचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरलेली रीति आहे. अमक्या सालीं अमक्या पंडितानें अमका नियम शोधून काढला, त्यास अमकें पारितोषिक मिळालें आणि मनुष्यजातीचें ज्ञान तेवढ्यानें पुढें सरकलें, अशा शब्दांत तो सांगितला जातो. ज्या हत्यारांनीं तो शोध लागला तीं कोणीं घडविलीं, तीं त्या पंडिताच्या टेबलापर्यंत कशीं पोंचलीं, आणि वाटेंत त्यांची कोणीं पारख केली होती कीं नाहीं, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कोरीव देव्हाऱ्याचें कौतुक करतांना सुताराची पटाशी घडविणारा लोहार कोणास आठवत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. परंतु कांहीं शास्त्रें अशीं आहेत कीं त्यांत हत्याराचा दोष आणि सिद्धान्ताचा दोष हे एकमेकांपासून निराळे काढणें फार कठीण जातें. जिवंत माणसाच्या मेंदूचीं चित्रें काढून त्यांवरून अनुमानें बांधणारें शास्त्र हें त्यांपैकींच एक होय.

आज एखादा संशोधक हीं चित्रें अभ्यासावयास बसतो तेव्हां त्याचें पहिलें काम अगदीं क्षुल्लक दिसतें. ‘आर’ या नांवाच्या संख्याशास्त्रीय संगणकभाषेंत तो एक ओळ लिहितो. त्या ओळीचा अर्थ इतकाच कीं, अमुक नांवाचें पॅकेज घेऊन ये आणि माझ्या यंत्रांत बसव. पडद्यावर भराभर अक्षरें धांवतात, आणि थोड्या वेळानें बर्लिन, लंडन, बॉल्टिमोर अशा ठिकाणच्या, त्यानें कधीं डोळ्यांनीं न पाहिलेल्या माणसांनीं लिहिलेल्या आज्ञावली त्याच्या यंत्रांत नांदूं लागतात. यापुढें तो मेंदूविषयीं जें जें म्हणेल त्यांत या परक्या माणसांचा हात असणार. त्या एका ओळीमागें किती इतिहास आहे, आणि ती हमालीची बाब नसून शास्त्राच्या सचोटीची पहिली पायरी कशी आहे, हें दाखविण्याचा या निबंधाचा हेतु आहे.

प्रथम चित्रांविषयीं. इ. स. १९७३ सालीं अमेरिकेंत पॉल लॉटरबर यांनीं चुंबकीय अनुनादाच्या साहाय्यानें पदार्थाच्या अंतर्भागाचें चित्र काढतां येतें असें दाखविलें. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें पीटर मॅन्सफील्ड यांनीं तीं चित्रें वेगानें मिळविण्याची पद्धति सिद्ध केली. २००३ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक या दोघांस विभागून मिळालें. या पद्धतीनें मेंदूची ठेवण दिसूं लागली. त्याचा व्यापार मात्र दिसत नव्हता. ती उणीव भरून काढण्याचा मार्ग १९९० सालीं सेइजी ओगावा यांनीं दाखविला. रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण बदललें म्हणजे चुंबकीय संकेतांत किंचित् फरक पडतो, हें त्यांनीं उंदरांवरील प्रयोगांत सिद्ध केलें. मेंदूचा जो भाग कामास लागतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. म्हणून या फरकावरून त्या भागाच्या हालचालीची चाहूल लागते. १९९२ सालीं निरनिराळ्या संशोधकमंडळांनीं मनुष्याच्या मेंदूंतही ही चाहूल टिपली. चाहूल हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. पावलांचा आवाज ऐकून माणूस आला असें आपण म्हणतों. माणूस प्रत्यक्ष पाहिलेला नसतो.

वर्तमानपत्रांत कधीं कधीं करड्या मेंदूवर तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांचें चित्र छापलेलें असतें आणि खालीं लिहिलेलें असतें कीं ‘येथें भीति वसते’ किंवा ‘येथें लोभ जागा होतो’. वाचणाऱ्यास तें छायाचित्र वाटतें. वस्तुतः तें छायाचित्र नव्हे. यंत्र देतें तें केवळ आंकड्यांचें रान. मेंदूचे उभेआडवे चिमुकले घन पाडतात. त्यांस ‘व्हॉक्सेल’ म्हणतात. एका थरांत ६४ गुणिले ६४ घन आणि असे ३० थर धरले तर १,२२,८८० घन होतात. दर दोन सेकंदांस एक याप्रमाणें अशीं दोनशें मोजमापें घेतलीं कीं एका माणसाचे सुमारें अडीच कोटि आंकडे हातीं येतात. माणसानें मान हालविली असेल तर ती चूक दुरुस्त करावयाची, प्रत्येकाचा मेंदू एका ठराविक सांच्यावर बसवावयाचा, आंकडे थोडे गुळगुळीत करावयाचे, आणि मग प्रत्येक घनाविषयीं निराळा प्रश्न विचारावयाचा कीं येथील चढउतार हा केवळ यदृच्छेचा आहे कीं त्यास कांहीं अर्थ आहे. इतक्या खटाटोपानंतर जेथें उत्तर ‘अर्थ आहे’ असें येतें तेथें तांबडा ठिपका द्यावयाचा. म्हणजे तो ठिपका यंत्रानें काढलेला नसून संख्याशास्त्रानें काढलेला असतो.

येथें एक गोड योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ओगावा ज्या संस्थेंत काम करीत होते त्याच न्यू जर्सीमधील बेल प्रयोगशाळेंत, त्यांच्या शोधाच्या चौदा वर्षें आधीं, म्हणजे १९७६ सालीं, जॉन चेंबर्स, रिचर्ड बेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं एका नव्या संगणकभाषेचा पाया घातला होता. तिचें नांव नुसतें ‘एस’. तोंवर संख्याशास्त्रज्ञास एखादी आकृति काढावयाची म्हटली तरी फोर्ट्रान भाषेंत लांबलचक आज्ञावली लिहावी लागे. माणसानें आंकड्यांस सहज प्रश्न विचारावे, उत्तर पाहून दुसरा प्रश्न सुचावा, आणि असें करतां करतां त्यास नकळत स्वतःच्या आज्ञावली लिहितां याव्या, अशी या भाषेची कल्पना होती. तिच्याबद्दल चेंबर्स यांस १९९८ सालीं संगणकशास्त्रांतील एक मोठें पारितोषिक मिळालें. मेंदूची चाहूल आणि ती चाहूल मोजणाऱ्या भाषेची पूर्वज हीं दोन्ही अशा रीतीनें एकाच संस्थेंत जन्मलीं. पण त्यांची गांठ पडण्यास अजून बराच अवकाश होता, आणि ती पडली ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास.

‘एस’ भाषा पुढें परवान्यानें विकली जाऊं लागली, आणि १९८८ पासून ‘एस-प्लस’ या नांवानें तिचें व्यापारी रूप बाजारांत आलें. ज्या विद्यापीठांस पैसा पुरे त्यांची सोय झाली. इतरांस दुरून पाहण्यावांचून गति नव्हती. अशा वेळीं न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघां अध्यापकांनीं आपल्या विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं ‘एस’च्या वळणाची एक लहानशी भाषा स्वतःच लिहावयास घेतली. दोघांच्या नांवांचें आद्याक्षर एकच, शिवाय वर्णमालेंत ‘एस’च्या अलीकडचें अक्षर तेंच, म्हणून भाषेचें नांव ‘आर’ ठेवलें. १९९३ सालीं त्यांनीं तिच्या प्रती इतरांस उपलब्ध केल्या. झूरिकचे मार्टिन मेक्लर यांनीं आग्रह धरिला कीं ही वस्तु सर्वांस मोकळी करावी. आणि १९९५ सालीं ती ‘जी.पी.एल.’ या मुक्त परवान्याखालीं प्रसिद्ध झाली. या परवान्याचा आशय मोठा मार्मिक आहे. आज्ञावली कोणींही घ्यावी, वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. अट एवढीच कीं, देतांना आपणांस मिळालेली मोकळीक पुढच्याकडून हिरावून घेऊं नये. १९९७ सालीं निरनिराळ्या देशांतील जाणत्यांचें एक मंडळ या भाषेचा सांभाळ करूं लागलें, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजीं तिची पहिली पूर्ण आवृत्ति बाहेर पडली. शतकाच्या वर्षीं क्वचितच येणारा हा दिवस. त्याची निवड करण्यांत या मंडळींची गणिती थट्टाही दिसून येते.

भाषा मोकळी झाली, पण एकट्या भाषेनें भागत नाहीं. घर बांधून झालें तरी संसारास लागणारीं भांडीकुंडीं निराळीं आणावीं लागतात. १९९७ सालींच व्हिएन्ना येथें कुर्ट हॉर्निक आणि फ्रिड्रिख लाइश यांनीं ‘क्रॅन’ या नांवाचें एक भांडार उघडलें. जगांतील कोणीही आपल्या विषयासाठीं लिहिलेलें पॅकेज तेथें आणून ठेवावें, आणि कोणींही तें फुकट न्यावें, अशी ही योजना होती. ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली आणि ‘पर्ल’ ही संगणकभाषा यांच्यासाठीं अशीं भांडारें आधींच निघालीं होतीं; त्यांचाच कित्ता येथें गिरविला. आरंभीं या भांडारांत अवघीं बारा पॅकेजें होतीं. १९९७ पासून वीस वर्षें भरावयाच्या आंतच, जानेवारी २०१७ मध्यें, त्यांची संख्या दहा हजारांवर गेली.

पॅकेज म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एखाद्या विशिष्ट कामासाठीं लिहिलेल्या आज्ञावली, त्या कशा वापराव्या याचें टांचण, थोडीं उदाहरणें आणि या सर्वांवर एक ओळखपत्र, अशी ती बांधलेली पुरचुंडी असते. ओळखपत्रांत पॅकेजचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, कर्त्यांचीं नांवें, सांभाळ करणाऱ्याचा पत्ता आणि परवाना हीं दिलेलीं असतात; आणि मुख्य म्हणजे, आपणांस चालण्यासाठीं दुसरीं कोणतीं पॅकेजें लागतात त्यांची यादी असते. बसविण्याची आज्ञा मिळतांच यंत्र प्रथम ही यादी वाचतें. यादींतील पॅकेजें आणावयास जातें तों त्यांच्याही याद्या निघतात. लग्नघरीं एका व्याह्यांस आमंत्रण धाडावें, आणि त्यांच्यामागून मेहुणे, मामेभाऊ व त्यांचीं मुलेंबाळें अशी सगळी पंगत येऊन बसावी, तसा हा प्रकार होतो. ज्यानें एकच वस्तु मागितली त्याच्या घरीं कधीं कधीं तीसचाळीस वस्तू येऊन पडतात, आणि त्यांतील एकही कमी असली तर मागितलेली वस्तु चालत नाहीं.

हीं पॅकेजें दोन रूपांनीं मिळतात. विंडोज आणि मॅक या यंत्रांसाठीं बहुधा तयार रूप ठेवलेलें असतें. तें उतरवून घेतलें कीं काम झालें. लिनक्स यंत्रावर मात्र बहुशः मूळ आज्ञावली येते, आणि यंत्राच्याच कंपायलरकडून तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करून घ्यावें लागतें. तेथें सी किंवा फोर्ट्रान भाषेचा कंपायलर नसला, अथवा एखादी मूलभूत लायब्ररी जुनी असली, कीं अर्ध्या तासाची मेहनत शेवटच्या ओळीवर फसते. ‘आर’ची आवृत्ति जुनी आणि पॅकेज नवें असा विषम विवाह जमविला तरी तीच गति. पहिल्यांदाच या वाटेस लागलेला विद्यार्थी अशा वेळीं आपल्या बुद्धीस दोष देतो. खरें पाहतां तेथें त्याच्या बुद्धीचा प्रश्न नसतो. शेंकडों माणसांनीं निरनिराळ्या काळीं लिहिलेल्या वस्तू एका क्षणीं एका सुरांत वाजाव्या, अशी त्या ओळीची अपेक्षा असते. त्या बहुतेक वेळां तशा वाजतात, हेंच नवल.

आतां या भांडारांत पारख कितपत होते तें पाहूं. क्रॅनचे नियम कडक आहेत. प्रत्येक पॅकेजची यंत्राकडून तपासणी होते. निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर तें चालवून पाहतात. टांचणांतील उदाहरणें अडखळलीं तर सांभाळ करणाऱ्यास कळवितात. आणि त्यानें मुदतींत दुरुस्ती केली नाहीं तर तें पॅकेज चालू यादींतून काढून जुन्या संग्रहांत ठेवतात. ही शिस्त मोठ्या कौतुकाची आहे. परंतु तिची मर्यादा ओळखली पाहिजे. पुलावरून गाडी सुरक्षित जाते कीं नाहीं हें ही तपासणी पाहते. तो पूल योग्य गांवीं नेतो कीं नाहीं, हें पाहण्याचें काम तिच्याकडे नाहीं. आज्ञावली न अडखळतां चालते आणि तिनें दिलेलें उत्तर खरें असतें, या दोन गोष्टींमध्यें केवढें अंतर असूं शकतें, हें मेंदूच्या चित्रांच्या इतिहासानें पुढें चांगलेंच शिकविलें.

मेंदूच्या चित्रांचें शास्त्र प्रथम ‘आर’च्या दारीं वाढलें नाहीं. त्याचीं मोठीं हत्यारें निराळ्या कारखान्यांत घडलीं. लंडन येथें कार्ल फ्रिस्टन यांनीं १९९१ च्या सुमारास ‘एस.पी.एम.’ हें साधन तयार केलें. तें स्वतः फुकट, पण ज्या भाषेंत तें चाले ती ‘मॅटलॅब’ ही विकत घ्यावी लागे. विस्कॉन्सिन येथें रॉबर्ट कॉक्स यांनीं १९९४ सालीं ‘ॲफ्नी’ लिहिण्यास आरंभ केला. ऑक्सफर्डहून २००० सालीं ‘एफ.एस.एल.’ निघालें. संख्याशास्त्रज्ञांची मायभाषा मात्र ‘आर’ झाली होती. म्हणून ज्यांनीं गणिताची पद्धति शोधावी ते एका भाषेंत बोलत आणि ज्यांच्याजवळ मेंदूचे आंकडे होते ते दुसऱ्या भाषेंत बोलत, अशी स्थिति झाली. २००२ सालीं जॉनथन मार्चिनी यांनीं ‘ॲनलाइझ-एफ.एम.आर.आय.’ या पॅकेजची ओळख ‘आर’च्या वाचकांस करून दिली. २००७ सालीं बर्लिनच्या वायरश्ट्रास संस्थेंतील यर्ग पोल्त्सेल आणि कार्स्टन टाबेलो यांनीं ‘एफ.एम.आर.आय.’ हें पॅकेज पुढें मांडलें. २०११ सालीं तर संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरास वाहिलेल्या एका नियतकालिकानें ‘आर’मधील चुंबकीय चित्रणावर सबंध विशेष खंडच काढला, तो टाबेलो आणि ब्रँडन व्हिचर यांनीं संपादिला होता.

या पॅकेजांपैकीं कित्येकांचें काम आरंभीं केवळ फाइल वाचणें एवढेंच होतें. वाचकांस तें फारच साधें वाटेल. पण त्यांतच एक भयंकर खांच होती. रुग्णालयांतील यंत्रें आपलीं चित्रें ‘डायकॉम’ या पद्धतीनें सांठवितात. संशोधक बरींच वर्षें मेयो क्लिनिकमध्यें निघालेली ‘ॲनलाइझ’ ही फाइलपद्धति वापरीत. तिच्यांत आंकडे नीट राहत. मात्र चित्रांतील डावी बाजू ही माणसाची डावी कीं उजवी, हें निश्चित सांगण्याची सोय तिच्यांत धड नव्हती. क्ष-किरणाच्या वैद्यास रुग्ण समोर उभा आहे असें समजून चित्र पाहण्याची संवय. मेंदूच्या कांहीं संशोधकांस आपण रुग्णाच्या मागें उभे आहों असें समजण्याची संवय. एकाची फाइल दुसऱ्याच्या आज्ञावलीनें उघडली कीं डावा गोलार्ध उजवा होऊन बसे, आणि मेंदू दोन्ही अंगांनीं बव्हंशीं सारखाच दिसत असल्यामुळें ती चूक डोळ्यांस कळतही नसे. वाचाशक्ति बहुतेक माणसांत डाव्या गोलार्धाकडे असते, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या चुकीचें गांभीर्य निराळें सांगावयास नको. २००३ सालच्या सुमारास ‘निफ्टी’ ही नवी पद्धति ठरविण्यांत आली, आणि तिच्यांत दिशेची नोंद करण्यास पक्की जागा ठेवण्यांत आली. व्हिचर आणि त्यांचे सहकारी यांनीं डायकॉम व निफ्टी या फाइली ‘आर’मध्यें वाचण्याचीं पॅकेजें लिहिलीं तेव्हां त्यांनीं भाषांची गांठ घातली ती या नोंदीच्या आधारावर.

पुढची पायरी दुभाषांची. ऑक्सफर्डच्या ‘एफ.एस.एल.’मध्यें वर्षानुवर्षें घासून तयार झालेलीं साधनें होतीं. तीं सगळीं ‘आर’मध्यें नव्यानें लिहिण्यांत शहाणपण नव्हतें. म्हणून बॉल्टिमोरच्या जॉन मुशेल्ली यांनीं ‘एफ.एस.एल.-आर’ हें पॅकेज प्रसिद्ध केलें. हें स्वतः हिशेब करीत नाहीं. ‘आर’मधील माणसाचा निरोप घेऊन तें ‘एफ.एस.एल.’कडे जातें आणि उत्तर परत आणून देतें. नवशिके येथेंच फसतात. दुभाषा घरीं आला म्हणजे ज्याच्याशीं बोलावयाचें तो मनुष्यही आला असें ते समजतात. पॅकेज बिनतक्रार बसतें, आणि पहिलाच प्रश्न विचारतांच उत्तर येतें कीं मूळ साधनच यंत्रावर नाहीं. तें निराळें आणावें लागतें, त्याचा परवाना निराळा असतो, आणि तें युनिक्सच्या घराण्यांतील यंत्रांसाठीं घडविलेलें असल्यामुळें विंडोजवाल्यास आपल्या यंत्राच्या पोटांत लिनक्सचें बिऱ्हाड थाटावें लागतें.

हा गोंधळ आवरावा म्हणून बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील मंडळींनीं इतर ठिकाणच्या पॅकेजकर्त्यांस बरोबर घेऊन ‘न्यूरोकंडक्टर’ नांवाची योजना आंखली. तिच्याविषयींचा त्यांचा निबंध २०१८ सालचा. जनुकशास्त्रासाठीं २००१ सालीं जेंटलमन यांच्याच पुढाकारानें ‘बायोकंडक्टर’ हें निराळें भांडार निघालें होतें. त्याचाच हा धाकटा भाऊ म्हणावयाचा. मेंदूच्या चित्रांचीं पॅकेजें एके ठिकाणीं असावीं, तीं एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं हें वारंवार तपासावें, आणि तीं बसविण्यासाठीं एकच सोपी आज्ञा असावी, असा तिचा उद्देश होता. ऑकलंडच्या वर्गांतून निघालेली ‘आर’ आणि ओगावांची चाहूल यांची गांठ अशा रीतीनें पक्की झाली.

एवढ्यावर एखादा चाणाक्ष वाचक म्हणेल, ‘हें सारें कारागिरांचें रडगाणें झालें. एखादें पॅकेज आज बसलें नाहीं तर उद्यां बसेल; त्यांत शास्त्राच्या सचोटीचा प्रश्न कोठें आला?’ आक्षेप वाजवी आहे; आणि त्यास उत्तर म्हणून आम्ही चार हकीकती पुढें ठेवतों.

पहिली हकीकत २००९ सालची. अमेरिकेंतील क्रेग बेनेट आणि त्यांच्या सोबत्यांनीं एक मेलेला सॅमन मासा चुंबकीय यंत्रांत ठेवला, आणि त्यास माणसांचीं चित्रें दाखवून त्या चित्रांतील माणसांच्या भावना कोणत्या, हें त्यास विचारलें. नंतर नेहमींच्या पद्धतीनें हिशेब केला तों माशाच्या मेंदूंत ‘जागे’ झालेले घन सांपडले! मासा अर्थातच विचार करीत नव्हता. हजारों घनांस हजारों प्रश्न विचारले तर कांहींचीं उत्तरें यदृच्छेनेंच ‘होय’ अशीं येणार. त्यासाठीं करावयाची दुरुस्ती गाळली म्हणजे मेलेला मासाही विचारी ठरतो, एवढेंच त्यांस दाखवावयाचें होतें. दुरुस्ती करतांच ते घन नाहींसे झाले. दुरुस्ती करण्याची सोय साधनांत होती. ती वापरणें मात्र वापरणाऱ्याच्या मर्जीवर होतें.

दुसरी २०१२ ची. ग्रोनेनशिल्ड आणि सहकारी यांनीं त्याच माणसांचीं तींच चित्रें ‘फ्रीसर्फर’ या साधनाच्या निरनिराळ्या आवृत्तींतून काढलीं. मेंदूच्या भागांच्या आकारमानांत आवृत्तिपरत्वें सरासरी ८·८ टक्के फरक पडला. एवढेंच नव्हे तर साधन तेंच ठेवून संगणक बदलला, किंवा संगणकाच्या मूळ प्रणालीची आवृत्ति बदलली, तरीही फरक दिसून आला; तो सुमारें निम्मा होता इतकेंच. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याचा मेंदू वर्षाकांठीं किती आक्रसतो हें ज्यास मोजावयाचें आहे, त्यानें अभ्यासाच्या मध्येंच साधनाची नवी आवृत्ति बसविली, तर तो रोग मोजील कीं आवृत्ति मोजील?

तिसरी २०१६ ची. स्वीडनमधील आन्डर्स एक्लुंड, इंग्लंडमधील टॉमस निकल्स आणि त्यांचे सहकारी हान्स क्नुट्सन यांनीं विश्रांतींत असलेल्या निरोगी माणसांचीं चित्रें घेऊन, ज्यांत कांहींच सांपडावयास नको असे लक्षावधि हिशेब एस.पी.एम., एफ.एस.एल. आणि ॲफ्नी या तिन्ही साधनांकडून करविले. खोटा निष्कर्ष शंभरांत पांच वेळां निघावा अशी अपेक्षा. कांहीं पद्धतींत तो सत्तर वेळांपर्यंत निघाला. याच शोधाच्या ओघांत ॲफ्नीमधील एका आज्ञावलींत पंधरा वर्षें लपून राहिलेली चूकही उघडकीस आली. ती २०१५ सालीं दुरुस्त झाली. चौथी हकीकत २०२० ची. सत्तर निरनिराळ्या मंडळींस एकाच प्रयोगाचे तेच आंकडे आणि तींच नऊ विधानें तपासावयास दिलीं. कोणत्याही दोन मंडळींनीं हुबेहूब सारखी रीति वापरली नाहीं, आणि त्यांतील कित्येक विधानांविषयीं त्यांचीं उत्तरें जुळलीं नाहींत.

या हकीकती वाचून हें सारें शास्त्रच खोटें, असें कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. तांबडे ठिपके कधींच खरे नसतात असें यांतून सिद्ध होत नाहीं. कित्येक निष्कर्ष पुनःपुन्हा पडताळून खरे ठरले आहेत. शिवाय या चुका शोधल्या कोणीं आणि कशा, हेंही पाहिलें पाहिजे. एक्लुंड यांनीं जे आंकडे वापरले ते दुसऱ्यांनीं सर्वांसाठीं मोकळे ठेवले होते. ॲफ्नीची चूक सांपडली, कारण तिची मूळ आज्ञावली कुलुपांत नव्हती. आणि ती चूक तिच्या कर्त्यांनीं जाहीरपणें कबूल करून दुरुस्त केली. कुलुपांत ठेवलेल्या साधनांत अशी चूक असती तर ती आणखी किती वर्षें राहिली असती, याचा तर्क वाचकांनींच करावा. परक्या माणसाचें हत्यार घरीं आणण्यांत जोखीम आहे खरी. पण तें उघडून पाहतां येतें, हें त्या जोखमीवरचें मोठें औषध आहे.

औषध असलें तरी तें घेतलें पाहिजे. आपल्याकडील जाणत्यांस ही गोष्ट नवी वाटूं नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली आणि १९६६ सालीं पुरी केली. तींत कोणत्या पोथींत कोणता पाठ आहे, हें प्रत्येक पोथीस निराळी खूण देऊन पानोपानीं नोंदविलें आहे. ज्या पोथीवरून आपण वाचतों तिचें नांव न सांगतां ‘महाभारतांत असें आहे’ म्हणणें, हें त्या परंपरेंत अशास्त्रीय ठरतें. संगणकाच्या आज्ञावलींस हाच न्याय लागू आहे. ‘आम्हीं आर वापरलें’ असें म्हणणें म्हणजे ‘आम्हीं एक पोथी पाहिली’ असें म्हणणें होय. भाषेची कोणती आवृत्ति, पॅकेजाची कोणती, त्याच्यामागून आलेल्या पंगतीची कोणती, आणि यंत्राची मूळ प्रणाली कोणती, हें लिहिल्यावांचून निष्कर्ष दुसऱ्यास पडताळतां येत नाहीं. ‘आर’मध्यें ही सगळी यादी एका आज्ञेनें छापून मिळते, एका अभ्यासाचीं पॅकेजें त्या त्या आवृत्तीसह गोठवून ठेवण्याचींही साधनें आहेत, सबंध यंत्राची व्यवस्थाच डब्यांत बंद करून दुसऱ्याकडे पाठविण्याची युक्तीही निघाली आहे. क्रॅनच्या जुन्या संग्रहांत मागील आवृत्ति जपून ठेवलेल्या असतात. साधनांची वाण नाहीं. संवयीची मात्र आहे.

ज्या कुटुंबांत एखाद्या वडील माणसाची स्मृति हळूहळू मावळत चालली आहे तेथें मेंदूच्या चित्राचा कागद किती आशेनें उघडला जातो, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास हा विषय कोरडा वाटणार नाहीं. रुग्णालयांतील निदान आज मुख्यतः अनुभवी वैद्याच्या डोळ्यांनीं होतें, हें खरें. पण तो वैद्य जें शास्त्र शिकतो, जीं औषधें पुढें तपासलीं जातात, ज्या आशा वर्तमानपत्रांतून घरोघर पोंचतात, त्यांच्या मुळाशीं असलेले आंकडे याच उसन्या हत्यारांतून गेलेले असतात. व्हिएन्नाच्या भांडारांत फुकट ठेवलेली वस्तु पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरच्या एखाद्या विद्यार्थ्यानें एका ओळीनें उचलावी, ही गेल्या अर्धशतकांतील एक अत्यंत उदार व्यवस्था आहे. ज्यांनीं ती उभारली त्यांनीं मोबदला मागितलेला नाहीं. तेव्हां हत्यार घेतांना तें कोणाचें आणि कोणतें हें पाहून घ्यावें, आणि काम झाल्यावर त्याचें नांव व आवृत्ति आपल्या लेखांत स्वच्छ लिहावी. यांत देणाऱ्याचें ऋण थोडेंबहुत फिटतें. आणि त्याच आंकड्यांशीं उद्यां झगडणाऱ्या माणसास आपण कोठें चुकलों हें शोधून काढण्याची वाटही मोकळी राहते.